भाची पीएचडी करतेय, पण दिवसभर नक्की करते काय? (बडोदेकरांना खास प्रश्न)

दांडियाबाजारचा_मामा
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतोच. धाकट्या बहिणीची मुलगी इथेच आपल्या सयाजीराव युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, आर्किऑलॉजीत, तिसरं वर्ष चालू आहे. मागच्या रविवारी तिला बघायला पुण्याहून मंडळी आली होती, पोहे झाले, चहा झाला, लीलो चिवडा झाला, आणि मुलाच्या आत्याने विचारलं की पीएचडी म्हणजे मुलगी शिकते का शिकवते. इथपर्यंत ठीक. मग विषय विचारला. भाची म्हणाली, हडप्पाकालीन शंखाच्या बांगड्या. दोन मिनिटं कोणी काहीच बोललं नाही, आणि मग आत्याबाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे बांगड्यांचा बिझनेस का?" मला हसू आलं. नको तिथे आलं. पाहुणे गेले आणि तेव्हापासून भाची माझ्याशी बोलत नाहीये.

मी बीकॉम, तीस वर्षं बँकेत काढली, युनिव्हर्सिटीशी माझा संबंध म्हणजे त्या मोठ्या घुमटासमोरून स्कूटर काढायची एवढाच. उपयोग काय वगैरे मला विचारायचं नाहीये, ते बहिणीच्या सासरचे रोज विचारतात. मला एवढंच कळून घ्यायचंय की ही पोरगी सकाळी साडेनऊला डबा घेऊन जाते आणि संध्याकाळी सातला येते, मधल्या वेळात करते काय? आणि एकाच आवारात एवढे विभाग आहेत तिथे बाकीचे लोक रिसर्च म्हणून काय करत असतात?

सेवउसळ_प्रेमी
मामा माझा शेजारी गुजराती आहे, कुठल्याही विषयावर त्याचा एकच प्रश्न असतो, एमां मळे शुं, म्हणजे त्यात मिळतं काय. तुमच्या आत्याबाई त्याची मावसबहीण दिसतायत 😀

खापराची_पाटी
मामा, आधी भाचीची माफी मागा, मग पुढचं वाचा. मी याच विभागातून एमए केलंय, पुढे नोकरी धरली म्हणून पीएचडी राहिली, पण ट्रे भरपूर उचललेत.

कच्छच्या आखाताच्या अगदी आतल्या टोकाला बगसरा नावाचं गाव आहे, तिथल्या टेकाडाला लोक गोला धोरो म्हणतात. आपल्या विभागाने १९९६ ते २००५ तिथे खोदकाम केलं. चार साडेचार हजार वर्षांपूर्वीची छोटीशी वस्ती, पण भोवती भक्कम तटबंदी, आणि आत शंखाच्या बांगड्या करायचा कारखाना. शंखांचे ढीगच्या ढीग, कापून ठेवलेले तुकडे, अर्धवट बांगड्या. समुद्र जवळ म्हणून कच्चा माल तिथेच. आता गंमत बघा, बांगडी करताना शंखाचं वरचं टोक जातं, आतला पिळाचा दांडा जातो, बांगडीला लागते ती फक्त मधली गोल भिंत. म्हणजे कचरा काय पडणार ते ठरलेलं. एखाद्या जागी दांडे आणि टोकं ढिगाने मिळाली पण तयार बांगड्या त्या मानाने कमी, तर माल बाहेर जात होता. दुसरीकडे नुसत्या बांगड्याच मिळतात आणि दांडा एक नाही, तर तिथे माल विकत आलेला. हे कळतं कशावरून तर कचऱ्यावरून, आणि कचरा कोणीतरी मोजावा लागतो. ते कोणीतरी म्हणजे तुमची भाची.

तिचा दिवस असा असणार: स्टोअरमधून ट्रे काढायचा, पिशवीवरचा नंबर वहीतल्या नंबराशी जुळतोय का बघायचं (नाही जुळला तर दिवस गेला), तुकडा मऊ ब्रशने साफ करायचा, कॅलिपरने जाडी रुंदी घ्यायची, वजन, फोटो, शेजारी पट्टी ठेवून, मग भिंगाखाली करवतीचे ओरखडे बघायचे, कुठल्या बाजूने कापायला सुरुवात केली, किती कोनात, आणि शेवटी एक्सेलमध्ये एक ओळ. एक तुकडा, एक ओळ. असे हजारो तुकडे. मानेची वाट लागते. संध्याकाळी सातला आल्यावर तिला कोणी "आज काय शोध लागला" असं विचारू नये एवढीच विनंती.

याच विभागाने देवनीमोरीचा स्तूप १९६० च्या दशकात खणला, तिथली अस्थिमंजूषा विभागातच आहे. शिवाय चांपानेर, वडनगर. एकेका जागेवर लोकांची निम्मी नोकरी गेलीये.

दांडियाबाजारचा_मामा
अहो हे तर आमच्या बँकेतल्या रिकन्सिलिएशनसारखं झालं! पिशवीवरचा नंबर आणि वहीतला नंबर हे वाचून अंगावर काटा आला. रात्री दारातून सॉरी म्हटलं, दार उघडलं नाही. बाकीच्या विभागांचं पण सांगा कोणीतरी.

वाटी_मोजणारी
मी होम सायन्सची, फूड्स अँड न्यूट्रिशन. आमच्याकडे लोकांना वाटतं आम्ही रेसिपी करतो. लग्नात बघायला आलेल्यांनी मला ढोकळा करायला सांगितला होता, असो.

माझं काम गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर होतं, जिल्ह्यातल्या गावांमध्ये. बोटाला टोचून रक्ताचा थेंब, हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की नोंद. हे दोन मिनिटांचं काम. खरी मारामारी आहाराच्या नोंदीत. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय खाल्लं ते सगळं विचारायचं आणि त्यासाठी आम्ही वाट्यांचा सेट घेऊन फिरायचो, प्रत्येक वाटी किती मिलीची ते मोजलेलं. डाळ केवढी? ही वाटी का ती? भरून का अर्धी? घट्ट का पातळ? रोटला केवढा, तर हाताने गोल करून दाखवतात, त्या गोलावर वजन काढायचं. आणि बाई बोलते कुठे, सासू बोलते. सासू म्हणते भरपूर खाते. मग सासू पाणी आणायला आत गेली की बाई हळूच सांगते की डाळ उरलीच नव्हती. चहा तर कोणी मोजतच नाही, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणजे न सांगितलेला तो चहाच आमच्या कामाचा.

लोहाच्या गोळ्या सरकार फुकट देतं. डबे भरलेले असतात. का खात नाही विचारलं तर शौचाला काळी होते म्हणून भीती वाटते, मळमळतं, मूल काळं होईल असं शेजारीण म्हणाली. हे कुठल्या लॅबमध्ये कळणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ ला, देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या आणि आपल्या गुजरातेत ६५ टक्के. श्रीमंत राज्य ना आपलं? मग.

बॅलन्सशीट
सगळं छान आहे पण स्पष्ट बोलू का. बांगड्या मोजल्या, वाट्या मोजल्या, पुढे काय? खरे शोध लागतात परदेशात. इथे नावापुढे डॉक्टर लागतं आणि सरकारचा म्हणजे आपला पैसा जातो. जेआरएफ म्हणजे सरकारी रिसर्च फेलोशिपवाल्यांना महिन्याला ३७ हजार मिळतात म्हणे.

खापराची_पाटी
मिळतात, ज्यांना नेट परीक्षेत जेआरएफ लागलं त्यांना, २०२३ पासून. बाकीच्यांना विचारा किती मिळतात. कित्येक जण ट्यूशन घेऊन पीएचडी करतात.

मगरींचा_शेजारी
बॅलन्सशीट भाऊ तुम्ही बडोद्यात कुठे राहता? कारण मी समा भागात राहतो, विश्वामित्री नदीपासून चालत पाच मिनिटं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर होती. आपली नदी शहराच्या मधून जाते, युनिव्हर्सिटीच्या आवारातून जाते, आणि तिच्यात शेकडो मगरी आहेत. आता पूर आला की टीव्हीवाले विचारतात मगरी किती, कॉर्पोरेशन विचारतं किती, नदीचं सुशोभीकरण करायचं म्हटलं की पुन्हा तेच. तो आकडा आकाशातून पडतो का?

मी झूऑलॉजीचा, एमएस्सीला एका सीनियरबरोबर मोजणीला जायचो. थंडीत सकाळी दहाच्या सुमारास मगरी उन्हाला वर येतात तेव्हा एक मोजणी. रात्री टॉर्च घेऊन दुसरी, प्रकाशात डोळे लाल चमकतात. डोळ्यांची जोडी दिसली पण अंग पाण्यात, लांबी कळत नाही, तर वहीत लिहायचं "फक्त डोळे". अंदाजे आकडा टाकायचा नाही, हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला ते फार आवडलं होतं, दिसलं तेवढंच लिहायचं. आणि वास! शहराचं सगळं गटार त्यात, चिखलात गुडघ्यापर्यंत उभं राहायचं.

अजून एक, मगरीची मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लू नर होणार का मादी हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. काठ काँक्रीटचा केला की खड्डा करणार कुठे? इंजिनिअरला हे सांगायला कोणीतरी ते थर्मामीटर आधी लावलेलं असावं लागतं ना.

बॅलन्सशीट
मगरीचं मान्य. बांगड्यांचं अजून नाही 🙂

रिफ्लक्स_रात्र
केमिस्ट्रीवाला. आमच्यावर एमां मळे शुं कोणी विचारत नाही कारण बडोद्यात कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आहे, भोवती सगळा केमिकलचा पट्टा, लोकांना वाटतं रसायन म्हणजे नोकरी. पण दिवसभर काय करतो ते ऐका. संध्याकाळी रिअ‍ॅक्शन लावायची, रात्रभर उकळत ठेवायची, सकाळी काचेच्या पट्टीवर ठिपका लावून बघायचं नवीन काही झालं का. पाच ठिपके दिसले म्हणजे पाच पदार्थ झाले, हवा होता एक. मग ते वेगळे करायला काचेच्या उभ्या नळीत सिलिका भरून वरून सॉल्व्हंट ओतत बसायचं, खाली टेस्ट ट्यूब बदलत राहायच्या, चार तास, आणि हाती येते चिमूटभर पावडर. तिचा एनएमआर, म्हणजे पदार्थ नक्की कुठला ते सांगणारी मशीनवरची तपासणी, काढायला रांग. आला की कळतं, ही तर सुरुवातीचीच पावडर आहे, काही झालंच नाही!! दहातल्या आठ वेळा असं होतं आणि ते आठ कुठे छापून येत नाहीत. त्यामुळे शेजारच्या गावात दुसरा कोणीतरी तेच आठ परत करत बसलेला असतो.

आमच्यातला एक जण मात्र कंपन्यांच्या सांडपाण्यातला रंग काढायच्या मागे लागला होता. बडोद्याच्या कारखान्यांचं पाणी पन्नासहून जास्त किलोमीटरच्या चॅनलमधून खंभातच्या आखाताकडे जातं, तिथली गावं काय म्हणतात ते पेपरात येतच असतं. त्याचे कपडे कायम निळे जांभळे. त्याची आई म्हणायची एवढं शिकून रंगारी झाला.

पोथी_आणि_पान
मामा, तुम्ही रिकन्सिलिएशन म्हणालात म्हणून लिहितो, तुम्हाला ओरिएंटल इन्स्टिट्यूट आवडेल. महाराजांच्या संस्कृत हस्तलिखितांच्या संग्रहातून उभी राहिलेली संस्था, १९२७ ची. पुण्यात भांडारकरला महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली हे सगळ्या मराठी माणसांना माहीत असतं, पण वाल्मिकी रामायणाची झाली ती आपल्या बडोद्यात हे निम्म्या बडोदेकरांना माहीत नाही. १९६० ते १९७५, सात कांडं, सात खंड.

कसं करतात? देशभरातून पोथ्या गोळा करायच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या, मल्याळम, ग्रंथ, बंगाली, शारदा, नेवारी. नेपाळची एक ताडपत्राची पोथी इसवी सन १०२० ची आहे. मग एक श्लोक घ्यायचा आणि एका मोठ्या कागदावर वर तो लिहून खाली प्रत्येक पोथीत त्या जागी काय आहे ते अक्षर अक्षर मांडायचं. इथे "च" आहे, तिथे "तु" आहे, तिसरीत ओळच नाही, चौथीत चार श्लोक जास्त. असे हजारो श्लोक. उत्तरेच्या पोथ्या एकीकडे झुकतात, दक्षिणेच्या दुसरीकडे, त्यातून जुनं कुठलं ते ठरवायचं. एखादा लेखनिक डुलकी लागून एक ओळ गाळतो आणि मग त्याच्यावरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती ओळ नसते, म्हणजे डुलकीवरून पोथ्यांचं खानदान कळतं! ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, मी कुठेही सांगतो, लग्नातही.

आणि घरी सगळे लक्ष्मणरेषा लक्ष्मणरेषा म्हणतात, ती वाल्मिकींच्या रामायणात नाहीच, नंतरची. हे माझ्या सासूबाईंना सांगून बघितलं, पुन्हा सांगितलं नाही.

सोडलेला_स्कॉलर
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून माझं पण लिहितो. मी बडोद्याचा पण पीएचडी दुसऱ्या राज्यात करत होतो, युनिव्हर्सिटीचं नाव घेत नाही. चार वर्षं केली आणि सोडली. गाईडकडे सतरा जण. माझा विषय तीनदा बदलला. पेपर छापून आणा म्हणाले, पैसे भरून छापणाऱ्या जर्नलची लिंक त्यांच्याकडूनच आली, पैसे भरले की आठवड्यात पेपर हजर, कोणी वाचलापण नव्हता, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. थीसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीने २०२२ च्या नियमात काढली, माझं तोपर्यंत सगळं करून झालं होतं. रिसर्चच्या नावाखाली हे पण चालतं, बॅलन्सशीट अगदीच चूक बोलत नाहीत. आता मी शाळेत शिकवतो, बरा आहे. पण वरचं "फक्त डोळे" वाचून थोडं वाईट वाटलं.

वाटी_मोजणारी
सोडलेला, वाईट वाटलं वाचून. आमच्याही बॅचच्या दोघी सोडून गेल्या, एकीचं लग्न, एकीचे पैसे.

बॅलन्सशीट, तुम्ही परदेशातले शोध म्हणालात ना. वेंकी रामकृष्णन, २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल, पेशीत प्रथिनं तयार होतात ते रायबोसोम कसं दिसतं यासाठी. तो माणूस तीन वर्षांचा असल्यापासून बडोद्यात वाढला, १९७१ ला इथूनच बीएस्सी झाला आणि ती पण फिजिक्समध्ये! वडिलांनी इथला बायोकेमिस्ट्री विभाग उभा केला. त्यांची आई राजलक्ष्मी पण इथेच, त्यांचं काम गरिबांना परवडेल अशा पौष्टिक आहारावर, म्हणजे जे आम्ही वाट्या घेऊन करायचो त्याच वाटेवरचं. मुलाचा फोटो सगळीकडे लागलाय, आईचं काम किती जणांना माहीत आहे?

बॅलन्सशीट
फिजिक्स शिकून केमिस्ट्रीचं नोबेल. हे मला माहीत नव्हतं. शोधतो राजलक्ष्मींचं.

मोडी_वळण
आमच्या मोडीला विसरू नका. गायकवाडी दप्तरं सरकारी अभिलेखागारात रुमालात बांधून पडलीयेत, बरीचशी मोडीत, आणि बडोद्यात आता मोडी सरळ वाचता येणारे किती? सयाजीराव महाराजांनी १९०६ ला सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं हे भाषणात सगळे सांगतात. मुलं शाळेत पाठवली नाहीत तर आईबापांना दंड व्हायचा. तो दंड कोणी भरला, कुठल्या जातीने, कुठल्या महिन्यात, पेरणीच्या का कापणीच्या? भाषणातून नाही कळणार ते, कागदातूनच. महिनाभर शिकलात तर मोडी येते, वळण लागायला मात्र वर्ष जातं. मामा तुम्ही रिटायर आहात, बँकेतल्या सह्या ओळखायची नजर आहे, या की.

ब्रश_आणि_चहा
फाइन आर्ट्सकडून हजेरी. आमच्याकडे चित्र काढणं वेगळं आणि कलेतिहासाची पीएचडी वेगळी, लोक दोन्हीला "ड्रॉइंग" म्हणतात. १९५० पासूनची फॅकल्टी, सुरुवातीपासून शिकवणारे चित्रकार ना. श्री. बेंद्रे आपले इंदूरचे मराठी. बाकी चहाच्या टपरीवर या, बोलू, टाइप करायचा कंटाळा.

खापराची_पाटी
मामा, शोधगंगा नावाची साइट आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, देशभरातले पीएचडीचे प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात, फुकट. आपल्या युनिव्हर्सिटीचे उघडा आणि नुसती शीर्षकं वाचत खाली जा. कुठे गिर, कुठे पगारवाढ, कुठे पनीर, कुठे पाणिनी. तासभर निघून जाईल.

दांडियाबाजारचा_मामा
मंडळी, अपडेट.

शोधगंगा उघडली, तासभर म्हणालात, रात्रीचा दीड वाजला. दुसऱ्या दिवशी जेवताना मी भाचीला विचारलं, दांडे जास्त मिळाले का बांगड्या? तिने घास तसाच धरून माझ्याकडे बघितलं. मग जे बोलायला लागली ते ताट वाळेपर्यंत. तिचं म्हणणं असं की ओरखड्यांवरून करवत कशी होती ते नीट कळत नाही, म्हणून स्वतः कापून बघायला हवं. बाजारातून चार शंख आणलेत. आमच्या गॅलरीत पाटावर बसून कापते, तोंडाला मास्क बांधून कारण ती पूड छातीत गेलेली वाईट. शंख एवढा कडक असतो मला माहीत नव्हतं, मी पण हात मारून बघितला, दहा मिनिटांत दंड भरून आले. शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ, एक चकती पूर्ण निघाली आणि दुसरी शेवटच्या बोटभर राहिली असताना तडकली. शेजारचे काका दोनदा वर येऊन गेले, आवाजाबद्दल. दुसऱ्यांदा आले ते चहा पिऊन, चकती हातात घेऊन बघून गेले.

मी वहीत वेळ लिहून देतोय. किती वाजता सुरू, किती वाजता थांबलो, किती मिलीमीटर गेलं. अंदाजे लिहायचं नाही असं मी तिला बजावलं तर म्हणाली मामा मला शिकवू नकोस.

पुण्याहून अजून काही कळवलं नाही.

बॅलन्सशीट
करवत कुठली वापरताय?

दांडियाबाजारचा_मामा
रावपुऱ्यातून आणलेली लोखंडाची. ती म्हणते ही चालणार नाही, त्या लोकांकडे लोखंड नव्हतं, तांब्याची किंवा काशाची पाहिजे. मांडवीत कोणी तांबट करून देईल का बघतोय, कोणाच्या ओळखीत असेल तर सांगा.

बॅलन्सशीट
आहे एक माझ्या ओळखीचा. पातं केवढं जाड पाहिजे ते तिला विचारून लिहा, उद्या जातोय मी तिकडे.